स्त्री-पुरुष पगारातल्या तफावतीची बातमी वाचताना: कुणाचा पगार, कुणी मोजला, कशाने भागला

पगाराच्या तफावतीची बातमी समोर आली की बहुतेकजण आधी वर्तमानपत्राचं नाव बघतात. नावाजलेलं असेल तर खरं मानतात, नाहीतर सोडून देतात. मी उलट्या बाजूने जाते. आधी आकडा बघते आणि तो मुळात कुठे मोजला गेला, तिथवर ही बातमी मला नेते का, हे तपासते. नेत असेल तर छोट्या साप्ताहिकावरही विश्वास ठेवते. नेत नसेल तर दिल्लीच्या मोठ्या चॅनेललाही बाजूला ठेवते.

ही सवय माझ्या कामातून आली. मी फोंड्याला राहते. आधी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आणि नंतर एका औषध कारखान्यात पगाराचे हिशेब केले. मस्टर, हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, महिनाअखेरीची घाई, हेच माझं आयुष्य होतं. पगाराचा आकडा केवढ्या ठिकाणांहून केवढ्या प्रकारे काढता येतो, हे मी रोज पाहिलं आहे. आता आमच्या वाड्यावरच्या बचत गटात आम्ही अधूनमधून अशा बातम्या मोठ्याने वाचतो आणि त्यांच्या मुळाशी जायचा प्रयत्न करतो. तीच पद्धत इथे लिहिते आहे.

एवढी खटपट कशासाठी, ते आधी सांगते. कारखान्यात एका बैठकीत पॅकिंगमधली एक मुलगी धीर करून उभी राहिली आणि म्हणाली, "देशात बायकांना पुरुषांच्या शंभर रुपयांमागे तीस रुपयेसुद्धा मिळत नाहीत, आणि इथेही आमच्यावर अन्यायच होतो." व्यवस्थापनातल्या साहेबांनी शांतपणे दोन पगारस्लिपा मागवल्या. दोन्हींवर बेसिक (मूळ पगार) सारखंच. "कुठे आहेत तीस?" असं विचारून त्यांनी विषय तिथेच मिटवला. त्या लाइनवर खरोखरच फरक होता. तो बेसिकमध्ये नव्हता, दुसरीकडे होता. पण चुकीच्या जागी वापरलेल्या आकड्यामुळे त्या फरकावर कुणी बोललंच नाही. ढिला आकडा अन्याय सोसणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. म्हणून आपल्या बाजूचा वाटणारा आकडा मी जास्त कडक तपासते.

एक गाव, दोन आकडे

ते "तीस रुपये" येतात कुठून, ते आधी समजून घेऊ. अशा बातम्यांपैकी बऱ्याच याच एका झऱ्यातून येतात.

जागतिक आर्थिक मंच ही जिनिव्हाजवळची संस्था. २००६ पासून ती जवळपास दरवर्षी जागतिक लैंगिक तफावत अहवाल काढते. या अहवालाचे चार भाग आहेत: आर्थिक सहभाग आणि संधी, शिक्षण, आरोग्य आणि राजकीय सत्ता. म्हणजे देशाचा जो एकूण क्रमांक छापून येतो, तो पगाराचा क्रमांक नव्हेच. २०२० मध्ये भारत १५३ देशांत ११२वा होता आणि २०२१ मध्ये १५६ देशांत १४०वा. तेव्हा मोठमोठे मथळे आले. त्या घसरणीचं एक मोठं कारण राजकीय होतं: महिला मंत्र्यांचं प्रमाण २३.१ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आलं होतं. ही गंभीरच गोष्ट आहे. पण कारखान्यातल्या बाईच्या पगारपत्रकाशी तिचा थेट संबंध नाही. पगाराच्या बातमीत देशाचा एकूण क्रमांक पुरावा म्हणून दिला असेल, तर बातमी लिहिणाऱ्याने अहवाल उघडलेला नाही असं खुशाल समजा.

आणखी एक बघा. २०२४ मध्ये भारताचे एकूण गुण होते ६४.१ टक्के. हा आकडा भरून निघालेल्या भागाचा आहे, म्हणजे उरलेली तफावत ३५.९ टक्के. घाईत उलटं छापलं जातं. शंका आली तर शिक्षणाचा आकडा बघा. तिथे भारताचे गुण नव्वदीच्या पुढे असतात. शिक्षणात नव्वद टक्के तफावत असणं शक्यच नाही, तेव्हा आकडा कुठल्या दिशेने वाचायचा ते लगेच कळतं.

आता पगाराकडे येऊ. २०२४ च्या त्याच अहवालात आर्थिक भागात भारताचे गुण होते ३९.८ टक्के. त्या वर्षी अनेक ठिकाणी छापून आलं की भारतात पुरुष शंभर रुपये कमावतो तेव्हा बाई ३९ रुपये ८० पैसे कमावते. अहवालात तसं नाही. हा ३९.८ पाच वेगवेगळ्या मापांतून तयार होतो. किती बायका कामकाजात आहेत, सारख्या कामाला सारखा पगार मिळतो का, अंदाजे कमाई किती, वरिष्ठ पदांवर बायका किती आणि तांत्रिक व व्यावसायिक कामांत किती. पाच गोष्टींची गोळाबेरीज रुपयांत सांगता येत नाही.

यातलं एक माप मात्र रुपयांच्या जवळचं आहे: अंदाजित कमाई. भारताचा हा आकडा २०२४ मध्ये २८.६ टक्के होता आणि २०२५ मध्ये २९.९. पॅकिंगमधल्या मुलीने सांगितलेले "तीस" ते हेच. पण तो काढतात कसा? देशातल्या एकूण कमाईतला बायकांचा वाटा काढून तो सगळ्या बायकांवर पसरतात, घरी असणाऱ्या बायकाही त्यात आल्या.

गटात मी हे पाटीवर मांडून दाखवते. समजा, एका गावात शंभर पुरुष आणि शंभर बायका आहेत. पुरुषांपैकी ८० जण कामाला जातात, प्रत्येकी महिना २०,००० कमावतात. बायकांपैकी ३० जणी जातात, प्रत्येकी १६,००० कमावतात. पुरुषांची एकूण कमाई १६ लाख, शंभरांनी भागली की १६,०००. बायकांची ४ लाख ८० हजार, शंभरांनी भागली की ४,८००. पुरुषाच्या शंभरामागे बाईचे तीस. आता फक्त कामाला जाणाऱ्यांचीच तुलना करा. २०,००० आणि १६,०००, म्हणजे शंभरामागे ऐंशी. गाव तेच, महिना तोच, आकडे दोन आणि दोन्ही खरे. तीस सांगतात की गावातल्या पैशावर बायकांचा हात किती थोडा आहे. ऐंशी सांगतात की कामावर गेलेल्या बाईला किती कमी मिळतात. बातमीने यातलं काय मोजलं ते सांगितलंच नसेल, तर मी तो आकडा कुणालाही पाठवत नाही.

सारख्या कामाला सारखा पगार, हे याच अहवालातलं माप तर पगारपत्रकं बघून काढलेलंच नाही. कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारतात की तुमच्या देशात सारख्या कामाला सारखा पगार कितपत मिळतो, आणि ते एक ते सात या पट्टीवर उत्तर देतात. मत म्हणून त्याला किंमत आहे. पण साहेबांना काय वाटतं आणि पगारपत्रकावर काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पगारस्लिप उघडून बघा

"पगार" म्हणजे नेमकं काय धरलं आहे? बेसिक, हातात येणारी रक्कम, तासाचा दर की कंपनीचा एकूण खर्च? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते निम्मे घोळ इथेच होतात.

त्या पॅकिंग लाइनसारखं उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, पण स्लिपांची रचना मी पाहिली आहे तशीच आहे. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून दोघांनाही १५,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ७२ रुपये. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १४४. पुरुषाने महिन्यात २५ तास ओव्हरटाइम केला, त्याचे ३,६००. रात्रपाळीचा भत्ता १,५००. एकूण २०,१००. बाईला ओव्हरटाइम मिळाला चारेक तास, साधारण ६००. रात्रपाळी नाही. एकूण १५,६००.

आता बातमी करा. बेसिक बघितलं तर तफावत शून्य. महिन्याची कमाई बघितली तर बाईला सुमारे २२ टक्के कमी. तासाचा हिशेब केला तर पुरुषाला पडतात ८६ रुपये आणि बाईला सुमारे ७४, म्हणजे तफावत साधारण १५ टक्के. एकाच लाइनवर तीन मथळे तयार झाले, आणि एकही खोटा नाही.

साहेबांनी दाखवलेलं शून्य खरंच होतं. पण पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही: रात्रपाळी आणि ओव्हरटाइम बायकांच्या वाट्याला का येत नाही? कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ प्रमाणे बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्या वेळेतच कामावर ठेवता येत असे, वेळेत थोडी सवलत राज्य देऊ शकत असे. संध्याकाळी सुटल्यावर शेवटची कदंब बस चुकू नये ही चिंता वेगळीच, आणि घरी भात टाकायला दुसरं कोणी नाही हेही आलंच. बाईने रात्रपाळी नको म्हटलं, असं एका ओळीत लिहून मोकळं होणारी बातमी मला अर्धी वाटते.

म्हणून तफावतीचं खापर तास आणि कामाच्या प्रकारावर फोडणारे लेखही मी तेवढ्याच कडकपणे वाचते. "तास, अनुभव आणि कामाचा प्रकार सारखा धरला की तफावत जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा तफावत हे मिथक आहे," असं म्हणणारा लेख अधूनमधून येतो. त्यातला पहिला भाग हिशेबात बरोबर असू शकतो. पण बाईला रात्रपाळी मिळाली नाही, बढतीच्या वेळी ती बाळंतपणाच्या रजेवर होती, तिला पॅकिंगला ठेवलं आणि त्याला मशीनवर घातलं, हे सगळं सारखं धरून बाजूला काढल्यावर उरणार तरी काय? २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळाला तो याच विषयावरच्या कामासाठी. त्यांनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची माहिती तपासून दाखवलं की आजची तफावत मोठ्या प्रमाणात एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि ती पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढत जाते. तास-अनुभव वजा करून काढलेला आकडा आणि सरळ काढलेला आकडा, दोन्ही देणारा लेख विश्वासाचा. एकच देऊन दुसऱ्याला खोटं ठरवणाऱ्याला आधीच काही सिद्ध करायचं आहे, असं मी धरून चालते.

सरासरी आणि मध्यकाचंही तसंच आहे. हॉटेलात दोन-तीन मोठे साहेब असले की त्यांच्या पगाराने पुरुषांची सरासरी फुगते, मग आचारी, वेटर, माळी यांचं चित्र दिसेनासं होतं. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं करून मधल्याचा पगार बघायचा, तो मध्यक. बातमीत दोन्ही असतील तर उत्तम. एकच असेल तर कुठला ते तरी लिहिलेलं हवं.

मोजलं कधी, मोजलं कुणी

अहवाल कधी छापला आणि माहिती कधी गोळा केली, ही दोन वर्षं वेगळी असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारतातल्या वेतनावरचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यातला ३४ टक्के तफावतीचा आकडा २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातला होता. त्याच अहवालाप्रमाणे १९९३-९४ मध्ये तफावत ४८ टक्के होती, म्हणजे ती कमी झाली होती. ३४ चा आकडा मात्र पुढे वर्षानुवर्षं "आज भारतात" म्हणून फिरत राहिला. बातमीत वर्ष सापडलं नाही तर अहवालाच्या तक्त्याखालची बारीक ओळ वाचा, तिथे ते हमखास असतं.

आपल्या देशात सध्या मुख्य सरकारी मोजणी म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते २०१७ पासून करतं. त्यात काम करणाऱ्यांचे तीन गट आहेत: नियमित पगारदार, रोजंदारीवरचे आणि स्वयंरोजगार करणारे. तिन्हींची कमाई वेगवेगळ्या पद्धतीने विचारतात. पगारदाराची महिन्याची, रोजंदारीवाल्याची रोजची आणि स्वयंरोजगारवाल्याची मागच्या तीस दिवसांची. तेव्हा "सर्वेक्षणानुसार बायकांची कमाई" अशी बातमी आली की पहिला प्रश्न हा, की कुठल्या गटाची? मालीम जेटीवर पहाटे पावणीत (लिलावात) मासळी घेऊन दिवसभर विकणारी बाई स्वयंरोजगारात येते, वेर्ण्याच्या वसाहतीत मशीनवर असणारी पगारदारात. आणि सासऱ्यांच्या दुकानात दिवसभर बसणारी, पण हातात एक पैसा न मिळणारी सूनही कुटुंबाच्या धंद्यातली मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांतच मोजली जाते.

याच कारणाने एक बातमी नीट वाचावी लागते. पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. ही वाढ खरीच मोठी आहे. पण वाढलेल्या बायकांत पगाराची नोकरी किती जणींना मिळाली आणि घरच्या शेतीत-दुकानात बिनपैशांचं काम करणाऱ्या किती, हे बातमीत नसेल तर त्या वाढीवरून पगाराबद्दल काहीच सांगता येत नाही.

गोव्याचा आकडा आला की मी आणखी सावध होते. राज्य लहान, म्हणून अशा सर्वेक्षणात गोव्यातली घरंही थोडीच येतात. त्यांत पगारदार बायका आणखी थोड्या. मग एका वर्षी तफावत एकदम वाढली, पुढच्या वर्षी घटली, असं दिसतं. प्रत्यक्षात गावात काही बदललेलं नसतं, विचारलेली घरं बदललेली असतात. एका वर्षाच्या उडीवर मथळा केलेली बातमी मी बाजूला ठेवते आणि चार-पाच वर्षं ओळीने बघते. पर्वरीला राज्याचं नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय आहे, त्यांची प्रकाशनं अशा वेळी बघावीत. किमान वेतनाचा प्रश्न असेल तर कामगार आयुक्तालयाची अधिसूचना. तिथे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे असतात, बाई आणि पुरुष असे नसतात. तुमच्या भागात शेतावर बाईला कमी आणि पुरुषाला जास्त रोज देत असतील, तर त्याला "रीत आहे" म्हणून सोडणारी बातमी अपुरी आहे. समान मोबदल्याचा कायदा या देशात १९७६ पासून आहे आणि आता तो वेतन संहितेत आला आहे.

काजूच्या कारखान्यात तर बऱ्याच ठिकाणी किलोमागे पैसे. बी फोडणाऱ्या, साल काढणाऱ्या बहुतेक बायका. दर कागदावर सगळ्यांना एकच. तासाला किती पडले हे कळायला तास नोंदलेले लागतात, आणि ते नेहमी नोंदलेले नसतात. अशा कामाबद्दल कुणी अगदी दशांशापर्यंतचा आकडा दिला, तर तो कसा काढला ते मी आधी विचारीन.

नोकऱ्या लावून देणाऱ्या वेबसाइटींचे सर्व्हे वाचायला सोपे आणि छापायला फुकट असतात, म्हणून ते खूप छापून येतात. त्यांत त्या वेबसाइटवर नाव नोंदवलेलेच लोक असतात, बहुतेक शहरांतले आणि शिकलेले. बेंगळुरूच्या सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल त्यातून काही कळेल. "भारतीय महिला" असं म्हणायचा अधिकार त्यांना नाही. आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच वर्तमानपत्रांत आली म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. पहिला परिच्छेद शब्दाला शब्द जुळतो का बघा, लगेच कळतं. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एकाच दिवसाचे वेगवेगळे अंक टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात. कॉलेजच्या मुलांना मी हा प्रयोग आवर्जून करायला सांगते.

बाहेरच्या बातम्या आणि मोठे विजय

आनंदाच्या बातम्या कमी तपासल्या जातात, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने जाहीर केलं की महिला आणि पुरुष खेळाडूंना सारखी मॅच फी मिळेल: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. क्रिकेटपटू शिखा पांडेच्या गोव्यात हा आनंद जास्तच, आणि निर्णय चांगलाच आहे. पण मथळे झाले "महिला क्रिकेटपटूंना समान वेतन". मॅच फी सारखी झाली, वार्षिक करार सारखे झाले नाहीत. त्या वेळी महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला वर्षाला ५० लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी. आणि महिलांना कसोटी सामने मिळतात तरी किती? आमच्या पॅकिंग लाइनसारखंच झालं हे: दर सारखा, कमाई वेगळी.

२०१८ च्या सुरुवातीला आइसलँडची बातमी जगभर फिरली: बायकांना कमी पगार देणं बेकायदा ठरवणारा पहिला देश! असमान पगार तिथे कित्येक वर्षं आधीपासूनच बेकायदा होता, आपल्याकडेही होता. नवीन होतं ते हे की २५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने आपण सारखा पगार देतो याचं प्रमाणपत्र स्वतः मिळवायचं. सिद्ध करायचा भार बाईवरून उचलून मालकावर टाकला. मोठी गोष्ट तीच होती आणि मथळ्यात तीच नव्हती.

गोव्यातल्या किती घरांतली माणसं आज इंग्लंडला आहेत! माझा भाचा स्विंडनला आहे, तो तिकडच्या बातम्या पाठवतो. तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे पूर्णवेळ काम करणाऱ्यांत तफावत ७ टक्के, आणि अर्धवेळवाले धरून सगळ्यांत १३.१ टक्के. दोन वर्तमानपत्रं दोन आकडे छापतात आणि वाचक म्हणतो की कुणीतरी खोटं बोलतंय. कुणीच खोटं बोलत नाही. अर्धवेळच्या कमी दराच्या कामांत बायका जास्त आहेत, एवढाच तो फरक, आणि तोच खरा विषय आहे. तिथे अडीचशे किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक मालकाला आपली तफावत दरवर्षी सरकारी संकेतस्थळावर द्यावी लागते. भाच्याला मी म्हटलं, बातम्या पाठवू नको, तू काम करतोस त्या गोदामवाल्याचं नाव टाकून बघ.

आपल्याकडेही थोडं असं बघता येतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून जबाबदारीचा एक अहवाल देणं सक्तीचं केलं आहे. तो कंपनीच्या वार्षिक अहवालाबरोबर येतो आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतो. त्यात तत्त्व क्रमांक पाच, मानवी हक्कांचं. तिथे एक छोटा तक्ता असतो: संचालक, मुख्य अधिकारी, इतर कर्मचारी आणि कामगार, प्रत्येकात पुरुष किती, बायका किती आणि दोघांच्या पगाराचा मध्यक किती. गोव्यात कारखाने असलेल्या कित्येक कंपन्या या यादीत आहेत. तक्ता वाचताना कामगारांच्या ओळीवर बोट ठेवा, आणि कंत्राटी माणसं धरली आहेत का ते तळटीपेत बघा. ती वगळली असतील तर निम्मा कारखाना वगळला असेल. एखाद्या कंपनीने "आमच्याकडे समान वेतन आहे" अशी जाहिरात केली आणि बातमीने ती तशीच छापली, तर हा तक्ता बघितल्याशिवाय मी मान डोलावत नाही.

सरासरीची तफावत आणि सारख्या कामाला कमी पगार यांतला फरक ज्याला धरायचा असेल, त्याने ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला वाचावा. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत त्या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांना जास्त पगार होता, कंपनीचं म्हणणं होतं की बायकांची श्रेणी वेगळी. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम सारखं की नाही ते पाहिलं आणि बाईच्या बाजूने निकाल दिला. पदाचं नाव वेगळं केलं म्हणून काम वेगळं होत नाही. तेव्हा "हुद्दे वेगळे होते" एवढंच स्पष्टीकरण देणाऱ्या बातमीत मी शोधते की प्रत्यक्ष काम काय होतं आणि ते करणाऱ्या बाईला वार्ताहराने विचारलं का. फक्त मालक आणि तज्ज्ञ बोलले असतील, पगार घेणारी कुणीच बोलली नसेल, तर बातमी एकतर्फी आहे.

बातमी चुकीची निघाली तर ती नुसती बाजूला ठेवू नका, संपादकांना लिहा. आमच्या गटाकडून मी लिहिते तेव्हा सात-आठ ओळींच्या पुढे जात नाही. बातमीची तारीख आणि मथळा. त्यातला आकडा. मूळ अहवालातला आकडा, तक्त्याच्या आणि पानाच्या क्रमांकासह. तो आकडा काय मोजतो ते एका वाक्यात. वार्ताहराच्या हेतूबद्दल एक शब्द नाही, कारण तो आपल्याला ठाऊक नसतो आणि तेवढ्याच कारणाने पत्र केराच्या टोपलीत जातं. दुरुस्ती छापून आली तर ते कात्रण मूळ बातमीच्या कात्रणाला टाचून ठेवा. पुढच्या वर्षी नवा अहवाल आला की तोच आकडा त्याच चुकीसह परत येतो, आणि तेव्हा ते लागतं.